आजोळच्या लाल काचेच्या फुलदाण्या : बोहेमियन आहेत का, आणि असल्यास कोणत्या काळातील?

माजघर :

सदाशिव पेठेतील आमच्या आजोळचा वाडा दिवाळीनंतर पाडला जाणार असल्यामुळे आम्ही सर्व मामे-मावस भावंडे गेले दोन महिने दर रविवारी जमून सामान आवरत आहोत. तांब्या-पितळेची भांडी, पाट, चौरंग, फडताळांची दारे यांची वाटणी विनासायास झाली. अडले ते दिवाणखान्यातील काचेच्या कपाटाशी, कारण त्यात काय आहे आणि ते केव्हाचे आहे हे आमच्यापैकी कोणालाच खात्रीने सांगता येत नाही.

मुख्य वस्तू म्हणजे गडद लाल रंगाच्या दोन फुलदाण्या. उंची साधारण २७ सेंटीमीटर, खाली गोलसर पोट, वर निमुळती मान, आणि काठावर सोनेरी रेघ, जी बरीचशी पुसली गेली आहे. पोटावर लाल रंग कोरून काढून पांढुरक्या, धुरकट रेषांत चित्र उमटवले आहे : दोन झाडांच्या मध्ये मान वळवून उभे राहिलेले हरीण, मागे बुरुज असलेला छोटा किल्ला, आणि उलट बाजूस द्राक्षाची पाने. तिसरी वस्तू एक अष्टकोनी वाडगा आहे. त्याचा रंग पिवळा म्हणावा की हिरवा हे उजेडानुसार बदलते. आजी त्यात सुपारी ठेवत असे.

मामांच्या म्हणण्यानुसार या फुलदाण्या पणजोबांनी कॅम्पातील एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतल्या आणि त्या ‘राणीच्या राज्यातल्या, विलायती’ आहेत. जुन्या बाजारात एका विक्रेत्याला छायाचित्रे दाखवली, तेव्हा त्याने पाहताक्षणी ‘बेल्जियम’ असे सांगितले. मुंबईच्या एका परिचितांनी मात्र ‘बोहेमियन, १८५० च्या आसपास’ असे तितक्याच खात्रीने कळवले. तिघांपैकी कोणीही आपण हे कशावरून म्हणतो ते सांगितले नाही.

या वस्तू आम्हाला विकायच्या नाहीत, त्यामुळे कृपया किमतीबद्दल लिहू नये. माझी अडचण वेगळी आहे. माझ्या मावसबहिणीला जोडीतील एक फुलदाणी अमेरिकेत आठवण म्हणून न्यायची आहे, आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही असे आम्ही ऐकले आहे. शिवाय प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी ठेवावी, म्हणजे पुढच्या पिढीला आमच्यासारखे अंदाज बांधत बसावे लागणार नाही, अशी माझी इच्छा आहे. त्या चिठ्ठीत मला खरे तेवढेच लिहायचे आहे. काय पाहावे, कसे पाहावे आणि कोणत्या खुणेवरून कोणता निष्कर्ष काढता येतो, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.


काचभिंग :

आपण किमतीऐवजी काळ विचारलात याचे मनापासून समाधान वाटले. सुरुवातीलाच एक गोष्ट नमूद करतो, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यावर आधारलेले आहे. काचेच्या वस्तूवरील बहुतेक खुणा ‘ही वस्तू अमुक वर्षापूर्वीची नाही’ एवढेच सांगतात; ‘अमुक वर्षानंतरची नाही’ हे सांगणारी खूण फार क्वचित सापडते. मुंबईच्या आपल्या परिचितांची गफलत झाली असेल तर ती येथेच झाली असावी.

बोहेमिया म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिमेकडील मोठा भाग. १९१८ पर्यंत तो ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, त्यानंतर चेकोस्लोव्हाकियात आला आणि १९९३ पासून चेक प्रजासत्ताकात आहे. ही वर्षे लक्षात ठेवावीत, कारण बुडाशी देशाचे नाव असेल तर ती उपयोगी पडतात. तेथील डोंगरांत लाकूडफाटा मुबलक असल्यामुळे लाकडाच्या राखेतील पोटॅश वापरून काच करण्याची रीत रुजली, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस त्या मिश्रणात खडू घालण्यास सुरुवात झाल्यावर जाड, स्वच्छ आणि कठीण अशी काच मिळू लागली. व्हेनिसची पातळ सोडा-काच फुंकून नाजूक आकार देण्यासाठी उत्तम होती, पण तिच्यावर खोल कोरता येत नसे. बोहेमियाच्या काचेवर मात्र फिरत्या तांब्याच्या चकतीने, तेल आणि कुरुंदाची पूड लावून, हवे तितके खोल कोरता येई. आपल्या फुलदाण्यांवरील हरीण ही त्याच परंपरेची देणगी आहे.

आता लाल रंगाकडे वळू. लाल दिसणारी काच तीन प्रकारची असू शकते आणि तिन्ही प्रकार ओळखता आल्याशिवाय पुढे जाऊ नये. पहिल्या प्रकारात संपूर्ण काचच लाल असते. सोन्याच्या अत्यल्प अंशाने आलेला हा माणकासारखा रंग काचेच्या जाडीभर मुरलेला असतो. दुसऱ्या प्रकारात रंगहीन काचेवर लाल काचेचा दुसरा थर गरम असतानाच चढवलेला असतो आणि मग वरचा थर जागोजागी कापून आतली काच उघडी केलेली असते. कापलेल्या कडेवरून नख फिरवले तर पायरी जाणवते. तिसऱ्या प्रकारात काच पूर्ण रंगहीन असते, तिच्यावर तांब्याच्या क्षारांचा लेप देऊन ती भट्टीत पुन्हा भाजलेली असते, आणि लेप धुऊन काढल्यावर पृष्ठभागात मुरलेला लाल रंग मागे राहतो. या रंगाला जाडी अशी नसतेच. हळदीने बोट रंगावे तसा तो काचेच्या अंगाला लागलेला असतो. त्यामुळे कोरीवकाम जरा खरवडले तरी खालची रंगहीन काच दिसू लागते, आणि बुडाच्या कडेला वर्षानुवर्षांच्या घासण्याने तो रंग विरळ होत जातो.

आपल्या वर्णनावरून आपल्या फुलदाण्या या तिसऱ्या प्रकारातील वाटतात. हा तांबडा लेप फ्रीडरिश एगरमान या कारागिराने सिद्ध केला. त्याचा जन्म १७७७ चा आणि मृत्यू १८६४ चा. त्याचे काम उत्तर बोहेमियात, आज नोव्ही बोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावाच्या परिसरात चाले. चांदीच्या क्षारांपासून पिवळा लेप त्याने १८२० च्या सुमारास साधला होता, पण लाल रंग हाती यायला १८३२ साल उजाडले. म्हणून तांब्याच्या लेपाची लाल फुलदाणी १८३२ पूर्वीची असू शकत नाही, एवढे ठामपणे सांगता येते. दुसरी बाजू मात्र मोकळी राहते. हे तंत्र लवकरच आसपासच्या कारखान्यांत पसरले आणि हरीण, किल्ला, द्राक्षवेल हेच विषय घेऊन लाल लेपाच्या फुलदाण्या विसाव्या शतकातही तेथे बनत राहिल्या. जर्मनीत आणि अमेरिकेतील न्यू इंग्लंड ग्लास कंपनीतही या शैलीचे काम झाले. थोडक्यात, नुसते छायाचित्र पाहून ‘लाल आहे, हरीण आहे, म्हणून १८५०’ असे म्हणण्यास काहीच आधार नाही. ती १८५० ची असेलही आणि १९५० चीही असू शकेल.

तेव्हा चित्राचा विषय काय आहे यापेक्षा चित्र कसे कोरले आहे, हे पाहावे. सोनाराकडील दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि हरणाच्या मानेपासून खांद्यापर्यंतचा भाग नीट न्याहाळा. चांगल्या जुन्या कामात कारागिराने लहान-मोठ्या अनेक चकत्या वापरलेल्या असतात. खांद्याचा गोलवा खोल होत जाऊन पुन्हा उथळ होतो, शिंगांच्या फाट्या टोकाकडे बारीक होतात, आणि काही ठिकाणी धुरकट कोरलेल्या भागाला मुद्दाम चकाकी दिलेली असते. घाईच्या कामात सारे शरीर एकाच रुंदीच्या चकतीच्या पाच-सात फटकाऱ्यांत उरकलेले दिसते. जुने काम सगळे चांगलेच असते असे मात्र नाही. कार्लोव्ही व्हारीसारख्या उष्ण झऱ्यांच्या गावी येणाऱ्या पाहुण्यांसाठी एकोणिसाव्या शतकातही स्वस्तातले पुष्कळ काम होत असे. डोमिनिक बीमान हा त्याच शतकातला कारागीर काचेवर माणसांचे हुबेहूब चेहरे कोरत असे. त्याच्या हाताची अपेक्षा प्रत्येक फुलदाणीकडून ठेवता येणार नाही.

यानंतर फुलदाणी मऊ पंचावर आडवी करून बूड पाहा. वस्तू फुंकून झाली की काठाला आकार देण्यासाठी ती बुडाकडून एका लोखंडी कांबीला चिकटवून धरतात आणि शेवटी कांब तोडून काढतात. तेथे वण राहतो. बऱ्या प्रतीच्या बोहेमियन वस्तूंत तो वण घासून त्या जागी गुळगुळीत, उथळ, वाटोळी खळगी केलेली आढळते. हाताने केलेल्या आजच्या वस्तूंतही अशी खळगी असू शकते, म्हणून तिला एकटीला पुरावा मानू नये. तिच्या जोडीने झीज पाहावी. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी फळीवर सरकवलेल्या वस्तूच्या बुडाशी, नेमक्या टेकणाऱ्या कड्यावरच, वेगवेगळ्या दिशांना गेलेल्या बारीक चऱ्यांचा करडा पट्टा तयार होतो. सगळ्या चरा एकाच दिशेने आणि टेकत नसलेल्या भागावरही असतील, तर कोणीतरी पॉलिशपेपर फिरवला आहे असे समजावे.


जुनी पेठ :

काचभिंग यांच्या प्रतिसादात दोन गोष्टी जोडतो.

पहिली शिक्क्याबद्दल. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे बंधनकारक केले आणि १८९१ पासून ते अमलात आले. म्हणून तिकडे गेलेल्या बोहेमियन वस्तूंवर आधी ‘ऑस्ट्रिया’ आणि १९१८ नंतर ‘चेकोस्लोव्हाकिया’ असे आढळते. हा नियम अमेरिकेत जाणाऱ्या मालासाठी होता. पुण्या-मुंबईत उतरलेल्या वस्तूवर शिक्का नसला, तर त्यावरून ती १८९१ पूर्वीची ठरत नाही. ही चूक परदेशी पुस्तके वाचून आपल्याकडचे संग्राहक वारंवार करतात, म्हणून आवर्जून लिहीत आहे. उलट शिक्का असेल तर तो फार मोलाचा असतो. आम्लाने उमटवलेला शिक्का समोरून पाहिल्यास बऱ्याचदा दिसत नाही; खोली अंधारी करून बुडावर अगदी तिरपा उजेड टाकावा आणि काचेवर एकदा तोंडाची वाफ सोडावी, म्हणजे अक्षरे क्षणभर उठून दिसतात. कोरलेल्या सहीवर मात्र एकदम भरवसा ठेवू नये. दक्षिण बोहेमियातील लोट्झच्या कारखान्याने १८९८ नंतर मोरपिसासारखी झळाळणारी काच करून नाव मिळवले, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात सर्वोच्च पारितोषिक घेतले, पण त्याच्या बऱ्याच वस्तूंवर सहीच नव्हती. पुढे किंमत वाढल्यावर त्यांवर आणि इतरांच्या वस्तूंवरही खोट्या सह्या चढवल्या गेल्या.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपण ऐकले ते बरोबर आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून अधिक काळ अस्तित्वात असलेली कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि पुरावशेष देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार खासगी व्यक्तीला नाही. वस्तू परदेशात घडली होती, हे कारण येथे पुरेसे ठरत नाही. काळाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. बहिणीने सामानात गुंडाळून नेण्याचा विचार करू नये.

हरणाच्या बाबतीत माझे मत काचभिंग यांच्यापेक्षा थोडे निराळे आहे. मान मागे वळवलेले हरीण आणि त्याच्यामागे बुरुजांचा किल्ला ही मांडणी मला एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची वाटते, आणि घरातील आठवणही त्याच बाजूची आहे.


काचभिंग :

जुनी पेठ यांनी शिक्क्याबद्दल लिहिलेले अक्षरशः मान्य आहे. हरणाबद्दल मान्य नाही. मांडणी जुनी असू शकते आणि वस्तू नवी असू शकते. नमुने पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. पैठणीच्या पदरावरचा मोर पाहून पैठणी पेशवाईतली आहे असे आपण म्हणत नाही.


रसायनवही :

फुलदाण्यांवर पुष्कळ चर्चा झाली आहे, म्हणून मी वाडग्यापासून सुरुवात करतो.

पिवळा की हिरवा हे उजेडानुसार बदलते, हे आपले निरीक्षण फार अचूक आहे. असा वाडगा युरेनियमच्या काचेचा असण्याची दाट शक्यता आहे. खात्री करणे अगदी सोपे आहे. नोटा तपासण्यासाठी दुकानदार जी अतिनील किरणांची लहान विजेरी वापरतात, ती तपकीर गल्लीत सहज मिळते. शक्य असल्यास ३६५ नॅनोमीटरची घ्यावी, कारण ३९५ नॅनोमीटरच्या विजेरीतून जांभळा उजेड बराच पडतो आणि पाहणाऱ्याची फसगत होते. दिवे मालवून वाडग्यावर झोत टाकला की युरेनियम असेल तर संपूर्ण भांडे आतून पेटल्यासारखे ताज्या पोपटी रंगाने उजळते. मँगनीज असलेली काचही हिरवट दिसते, पण ती चमक मंद आणि मळकट असते; दोन्ही एकदा शेजारी पाहिल्या की पुन्हा घोटाळा होत नाही.

युरेनियम हे मूलद्रव्य क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७८९ मध्ये ओळखले. त्याचे खनिज बोहेमियातील याखिमोव्ह येथील खाणींत मिळत असल्यामुळे काचेच्या कारखान्यांना ते हाताशीच होते. फ्रान्झ रीडेल या कारखानदाराने १८३० च्या दशकापासून या काचेचे मोठे उत्पादन केले आणि पिवळ्या व हिरव्या छटांना ‘ॲनागेल्ब’ आणि ‘ॲनाग्र्यून’ अशी नावे दिली. त्यातील ‘ॲना’ हे त्याच्या मुलीचे नाव. मेरी आणि पिएर क्युरी यांनी ज्या खनिजाच्या गाळातून रेडियम वेगळे केले, तो गाळ याखिमोव्हहूनच आला होता : काचेसाठी आणि चिनी मातीच्या भांड्यांसाठी युरेनियमचे रंग काढून घेतल्यावर तेथे ढीग घालून टाकलेला. आजीच्या सुपारीच्या वाडग्याचे नाते इतके दूरवर पोहोचते, हे मला फार सुंदर वाटते.

मात्र येथेही काचभिंग यांचा नियम लागू होतो. युरेनियमची काच इंग्लंडमध्ये आणि इतरत्रही झाली, आणि विसाव्या शतकातही होत राहिली. विजेरी घटक सांगते. देश आणि साल सांगत नाही. अष्टकोनी पैलू हाताने घासून चकचकीत केले आहेत की साच्यातून दाबून काढले आहेत, हे पाहावे. घासलेल्या पैलूंच्या कडा बोटाला धारदार लागतात आणि आठही बाजू तंतोतंत सारख्या नसतात. साच्यातील कडा गोलसर असतात आणि कोठेतरी साच्याच्या सांध्याची बारीक रेघ सापडते. कपाटात ठेवण्यास हा वाडगा निर्धोक आहे. त्यात यापुढे खाण्याचे पदार्थ, विशेषतः आंबट काही, ठेवू नये, आणि त्याचा टवका उडाला असल्यास तो घासून गुळगुळीत करून घेण्याच्या फंदात पडू नये.

‘बेल्जियम’ या शेऱ्याचाही निकाल लावता येईल. आपल्याकडे जुन्या चांगल्या आरशाला आणि झुंबराला सरसकट ‘बेल्जियम’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. बेल्जियममधील व्हाल-सँ-लाँबेर या १८२६ साली स्थापन झालेल्या कारखान्याची ख्याती शिसेयुक्त क्रिस्टलसाठी आहे. शिसेयुक्त क्रिस्टलची घनता ३ च्या आसपास असते, तर बोहेमियाच्या पोटॅश-काचेची २.५ च्या जरा आत-बाहेर. हे घरच्या घरी मोजता येते. फुलदाणीला कोठेही तडा नाही याची आधी खात्री करून घ्या. तिचे कोरडे वजन करा. मग स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर पाण्याची बादली ठेवून काटा शून्यावर आणा, फुलदाणी दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण बादलीला कोठेही टेकू देऊ नका. आत हवेचा बुडबुडा अडकलेला नसावा. काट्यावर जो आकडा दिसेल तो तिने सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला त्याने भागले की घनता मिळते. काटा ग्रॅममध्ये दाखवणारा आणि तितका भार पेलणारा असावा.


माजघर :

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. गेल्या रविवारी मामा, मी आणि माझा भाचा असे तिघांनी मिळून दुपारभर हेच काम केले. जे दिसले ते, कोणताही निष्कर्ष न काढता, मांडते.

वाडग्यापासून सांगते. माजघरातील खिडक्या लावून भाच्याने विजेरी लावली आणि वाडगा असा पेटला की मामी देवघरातून उठून पाहायला आल्या. पोपटी, लख्ख, काठापासून बुडापर्यंत. पैलूंच्या कडा धारदार आहेत आणि सांध्याची रेघ कोठेही नाही. एका बाजूची रुंदी शेजारच्या बाजूपेक्षा जवळजवळ दोन मिलीमीटर कमी भरते.

फुलदाण्यांनी मात्र आम्हाला चकित केले. इतकी वर्षे आम्ही ज्यांना जोडी म्हणत आलो त्या शेजारी ठेवून मोजल्यावर एक दुसरीपेक्षा चार मिलीमीटर उंच निघाली. उंच असलेल्या फुलदाणीच्या बुडाशी रुपयाच्या नाण्याएवढी गुळगुळीत खळगी आहे. टेकणाऱ्या कड्यावर करडा पट्टा आहे आणि त्यातील चरा भिंगातून पाहिल्या तर गवताच्या काड्या विस्कटाव्यात तशा सर्व दिशांना गेलेल्या आहेत. बुडाच्या कडेचा लाल रंग एका ठिकाणी इतका विरळ झाला आहे की तेथून पलीकडचे बोट दिसते. तिच्यावरील हरणाच्या खांद्याला खरोखर गोलवा आहे. डोळ्याच्या जागी एक सूक्ष्म चकचकीत ठिपका सोडला आहे, तो आजवर आमच्यापैकी कोणीही पाहिला नव्हता. नख फिरवले तर पायरी लागत नाही.

ठेंगण्या फुलदाणीचे बूड सपाट आहे. झीज नावापुरती. हरीण त्याच जागी, त्याच दिशेला मान वळवून उभे आहे, पण त्याचे पोट म्हणजे तीन जाड पट्टे आहेत आणि डोळा नाही. जुनी पेठ यांनी सांगितल्याप्रमाणे तिरपा उजेड टाकून वाफ सोडली, तेव्हा कमानीच्या आकारात रोमन लिपीतील ‘चेकोस्लोव्हाकिया’ या शब्दाची शेवटची सहा अक्षरे आम्हा तिघांनाही दिसली. पुन्हा दोनदा करून पाहिले.

वजनाचे आकडे असे : उंच फुलदाणी कोरडी ७४२ ग्रॅम, सारलेले पाणी ३०१ ग्रॅम, ठेंगणी ७०५ आणि २८७. दोन्हींचा भागाकार २.४६ च्या जवळ येतो.

हे मोठ्या मावशीआजींना सांगितले. त्या आता ८८ वर्षांच्या आहेत. त्यांनी जराही न अडखळता सांगितले की, त्या शाळेत असताना दिवाळीच्या साफसफाईत एक फुलदाणी फुटली होती आणि आजोबांनी तिच्याशी जुळणारी दुसरी कॅम्पातील दुकानातून शोधून आणली होती. ‘पणजी रुसली होती, म्हणून आणली,’ एवढेच त्या म्हणाल्या. आजवर हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

आणखी एक गोष्ट हाती आली आहे. पणजोबांच्या खर्चाच्या मोडी वह्या माळ्यावर होत्या. मोडी वाचता येणाऱ्या एका स्नेह्यांनी त्या चाळल्या. शके १८१३ च्या मार्गशीर्षातील एका पानावर ‘लिलावात लाल काचेची गुलदाने २’ आणि पुढे सात रुपये अशी नोंद आहे.


काचभिंग :

आपला प्रतिसाद मी तीनदा वाचला. निरीक्षण आणि निष्कर्ष वेगळे ठेवण्याची जी शिस्त आपण पाळलीत, तिच्यामुळेच आता काही लिहिणे शक्य होत आहे.

२.४६ या घनतेने शिसेयुक्त क्रिस्टल दोन्ही बाबतींत बाद होते. यावरून काळ ठरत नाही, कारण दोन्ही फुलदाण्यांचा आकडा सारखाच आहे, पण ‘बेल्जियम’ हा शेरा मागे घ्यायला तो पुरेसा आहे.

ठेंगणी फुलदाणी १९१८ ते १९९२ या काळातील. हा शिक्क्याचा पुरावा आहे. मावशीआजींच्या आठवणीने हा काळ आणखी आवळता येतो : त्या ८८ वर्षांच्या असतील तर त्यांची शालेय वर्षे साधारण १९४० चे दशक ते १९५० च्या दशकाचा मध्य एवढ्यात येतात, म्हणजे फुलदाणी दुकानातून त्या सुमारास घेतली गेली. ती घडली केव्हा, हे मात्र त्यावरून ठरत नाही. दुकानात ती काही वर्षे पडून राहिलेली असू शकते. म्हणून बहिणीने ही फुलदाणी नेण्याचे ठरवले तरी प्रमाणपत्राशिवाय नेऊ नये. शिक्क्याचे छायाचित्र आणि मावशीआजींचे लेखी निवेदन अर्जासोबत जोडावे.

उंच फुलदाणी तांब्याच्या लेपाची आहे, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही; नखाला पायरी लागत नाही आणि बुडाशी रंग विरळ झाला आहे. म्हणजे ती १८३२ नंतरची. वरची मर्यादा सांगणारी खूण काचेवर क्वचित मिळते असे मी पहिल्या प्रतिसादात लिहिले होते. आपल्याला ती माळ्यावरच्या वहीत मिळाली. शके १८१३ चा मार्गशीर्ष म्हणजे १८९१ च्या डिसेंबरचा सुमार. वहीतील दोन गुलदानांपैकी एक हीच, असे धरण्यास संख्या, रंग आणि लिलावाची कौटुंबिक आठवण या तिन्ही गोष्टींचा आधार आहे. तरी वहीत हरणाचा उल्लेख नाही, हे चिठ्ठीत नमूद करावे. लिलावातील वस्तू वापरलेली असणार, त्यामुळे ती आणखी थोडी आधीची असणे स्वाभाविक आहे. कोरीवकामाच्या दर्जावरून मला ती १८५० ते १८८० या काळातील वाटते, पण हे माझे मत आहे. वही आणि लेप यांच्यावरून सिद्ध होते ते १८३२ ते १८९१ एवढेच. ही फुलदाणी पुण्यातच राहिली पाहिजे.

हैदराबादला जाणे झाले तर सालारजंग संग्रहालयातील युरोपीय काचेच्या दालनात सवडीने थांबावे. तेथे बोहेमियाच्या वस्तू आहेत. फुटलेल्या जोडीदाराचे तुकडे घरात कोठे ठेवलेले असतील तर तेही टाकू नका; रंग काचेच्या पृष्ठभागापुरताच आहे हे तुटलेल्या कडेवर जसे दिसते तसे अखंड वस्तूत कधीच दिसत नाही.

निगा राखण्याबद्दल : कोमट पाणी, मऊ फडके, सौम्य साबणाचा थेंब, आणि सोनेरी रेघेला शक्यतो हात न लावणे. काच पुसण्याचा अमोनियायुक्त फवारा मुळीच वापरू नये. फुलदाणी उचलताना काठाला न धरता पोटाला दोन्ही हातांनी धरावे. चिठ्ठी पेन्सिलीने कागदावर लिहून फुलदाणीच्या आत सोडावी. काचेला चिकटपट्टी लावू नये.


रसायनवही :

वाडग्याच्या चिठ्ठीसाठी मी असे सुचवतो : ‘युरेनियमची काच, पैलू हाताने घासलेले, १८३० च्या दशकापूर्वीचा नसावा, बोहेमियन असणे संभवनीय.’ ‘संभवनीय’ हा शब्द कृपया वगळू नये. सुपारीचा उल्लेखही ठेवावा.


माजघर :

तिन्ही चिठ्ठ्या काल लिहिल्या. उंच फुलदाणीच्या चिठ्ठीत वहीतील ओळ मोडीतच उतरवून घेतली आणि खाली देवनागरी लिहिले. ठेंगणीच्या चिठ्ठीत शिक्क्याच्या खाली मावशीआजींचे वाक्य त्यांच्याच हस्ताक्षरात आहे. बहिणीला दूरध्वनीवरून सगळे वाचून दाखवले. प्रमाणपत्राचा अर्ज करायचा का असे विचारल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की, ज्या दोघींना इतकी वर्षे एकमेकींशेजारी ठेवण्यासाठी आजोबांनी दुकाने पालथी घातली, त्यांना आता वेगळे करू नये. दोन्ही फुलदाण्या माझ्याकडे राहतील.

माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रात बांधलेले एक लाल काचेचे पुडके मामांना काल संध्याकाळी सापडले आहे. अजून उघडलेले नाही. रविवारी सगळे जमलो की, दिवसाच्या उजेडात, पंचा अंथरून उघडू आणि तुटलेल्या कडेची छायाचित्रे येथे देईन.